कार्डिनल म्हणजे कोण? व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या निमित्ताने, साताऱ्यातून

मे २०२५ मधली गोष्ट. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती नेहमीची मंडळी जमली होती. पहिल्या पानावर रोममधल्या एका साध्याशा धुरांड्याचा फोटो होता, त्यातून पांढरा धूर निघत होता. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तू पाचगणीला सिस्टरांच्या शाळेत शिकलीस ना? मग सांग बघू. हे कार्डिनल म्हणजे नक्की कोण? पोपचे मंत्री, की आपल्या मठांसारखे मठाधिपती?"

"पोपला निवडून देणारे," मी म्हणाले. उत्तर चुकीचं नव्हतं, पण गुरुजींचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. म्हणून हे जरा सविस्तर, आणि तेही एका माणसाच्या आयुष्यातून. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांची गोष्ट नीट समजली की कॅथलिक चर्चची बरीचशी रचना आपोआप उलगडते.

आधी शब्द. 'कार्डिनल'च्या मुळाशी लॅटिन 'कार्डो' आहे, म्हणजे दार ज्यावर फिरतं तो खुंट. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची दारं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. त्या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसतात. फळीलाच वर आणि खाली गोल खुंट काढलेला असतो, तो चौकटीच्या खोबणीत बसतो आणि त्यावर एवढं जड दार एका हाताने फिरतं. रोमच्या चर्चचा कारभार ज्यांच्यावर फिरे, ते तिथले मुख्य धर्मगुरू म्हणजे कार्डिनल. सुरुवातीला ते खरोखर रोम शहरातले आणि आसपासचेच धर्मगुरू होते. पुढे जगभरातले बिशप कार्डिनल होऊ लागले, पण कागदोपत्री जुनी सोय आजही जपली आहे. जवळजवळ प्रत्येक कार्डिनलच्या नावावर रोममधलं एखादं चर्च लावलं जातं, म्हणजे तो नावापुरता का होईना, रोमचा धर्मगुरू ठरतो. पोप हा मुळात रोमचा बिशप. रोमचा बिशप रोमच्या धर्मगुरूंनी निवडायचा, असा त्यामागचा हिशेब आहे.

आता एक गैरसमज. तलाठी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर अशी चढती शिडी आपल्या डोक्यात पक्की असते, आणि फादर, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल, पोप ही तशीच शिडी आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षा तीनच: डीकन, धर्मगुरू आणि बिशप. कार्डिनल ही चौथी दीक्षा नव्हे. पोपने दिलेला तो मान आहे, आणि त्या मानासोबत दोन कामं येतात. पोपला सल्ला देणं आणि पोपची जागा रिकामी झाली की नवा पोप निवडणं.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. पाचगणीतलं चर्च पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या हाताखालच्या मुलखात, येतं. हा धर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला आणि सातारा जिल्हा त्यातच मोडतो. पुण्याच्या बिशपांवर मुंबईचे आर्चबिशप आहेत खरे, पण ते रोज उठून पुण्याला हुकूम सोडत नाहीत. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता मुखत्यार असतो आणि थेट पोपला जबाबदार असतो. मुंबईचा आर्चबिशप कार्डिनल झाला म्हणून पुण्याच्या बिशपाचा अधिकार तसूभरही कमी होत नाही. जाता जाता सांगते, २००९ ते २०२३ पुण्याचे बिशप असलेले थॉमस डाबरे हे वसईचे, आणि त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता संत तुकाराम. त्यांच्यानंतर आलेले जॉन रॉड्रिग्ज जानेवारी २०२५ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले.

सांगली-मिरजेकडच्या वाचकांसाठी आणखी एक खुलासा. मिरजेचं वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल आपल्या सगळ्यांच्या घरच्या बोलण्यात असतं, त्यामुळे 'मिशन' म्हटलं की सगळे एकाच पंथाचे असं वाटतं. डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांच्याकडे ना पोप, ना कार्डिनल. हा सगळा विषय कॅथलिकांचा.

व्हॅलेरियन ग्रेशियस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० चा, कराचीतला. आईवडील गोव्याचे, नावेलीकडचे. कराचीचा मुलगा मुंबईच्या गादीवर कसा, हा प्रश्न आज पडतो, पण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सातारा आणि कराची एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. चर्चच्या नकाशातही कराची १९४८ पर्यंत मुंबईच्या आर्चबिशपांकडेच होती. तेव्हा कराचीच्या हुशार मुलाने धर्मगुरू व्हायचं ठरवलं की त्याची वाट मुंबईकडेच जाणार.

पण त्याआधी अभ्यास. धर्मगुरू होणं म्हणजे काही महिन्यांचा कोर्स नव्हे. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सात-आठ वर्षं सहज जातात. ग्रेशियस आधी मंगळूरच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, आणि मग सिलोनमधल्या कँडीच्या पेपल सेमिनरीत शिकले. ही कँडीची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला हलवली गेली आणि आजही नगर रोडला आहे. ३ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांची गुरुदीक्षा झाली. नंतर दोन वर्षं रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात, आणि १९२९ मध्ये परत मुंबईत, आर्चबिशप जोआकिम लिमा यांचे चिटणीस म्हणून.

हे लिमा पोर्तुगीज होते, आणि इथेच या गोष्टीची खरी गाठ आहे. ती सोडवायला साताऱ्याचाच इतिहास कामी येतो.

आपल्याकडे पेशव्याला पेशवाईची वस्त्रं कोण देई? साताऱ्याचे छत्रपती. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना दिली ती आपल्या मर्जीने दिली. पण शाहू महाराज गेल्यावर चित्र पालटलं. पेशवा कोण व्हायचं ते पुण्यात ठरे आणि वस्त्रं तेवढी साताऱ्याहून जात. मान गादीचा, निर्णय दुसऱ्याचा.

पोर्तुगालचा राजा आणि पोप यांच्यात शतकानुशतकं असाच व्यवहार होता. त्याला 'पाद्रोआदो' म्हणतात, म्हणजे राजाश्रय. राजाने मिशनऱ्यांना जहाजं द्यायची, चर्चं बांधायची, खर्च उचलायचा, आणि त्या बदल्यात पूर्वेकडच्या मुलखात बिशप कोण व्हावा ते नाव राजाने सुचवायचं. नाव राजाचं, वस्त्रं पोपची. पोर्तुगालचं आरमार जोरात होतं तोवर हे चाललं. पुढे पोर्तुगीजांची ताकद ओसरली, मुंबई इंग्रजांकडे गेली, रोमने आपले स्वतंत्र मिशनरी धाडायला सुरुवात केली, आणि मुंबईत एकाच शहरात दोन अंमल सुरू झाले. काही चर्चं पोर्तुगीज बाजूची, काही रोमच्या बाजूची. एका गल्लीतल्या दोन घरांचे बिशप वेगळे! माणसं भांडली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि हे सव्वाशे वर्षांच्या वर चाललं.

शेवटी १९२८ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात तडजोड झाली. मुंबईचा आर्चबिशप आलटून-पालटून नेमायचा, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिली पाळी पोर्तुगीजांची, म्हणून लिमा आले. ते वारल्यावर पाळी ब्रिटिशांची, म्हणून १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, आले. त्यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज. या पाळीपाळीच्या खेळात भारतीय माणसाची पाळी कुठेच नव्हती. देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली, आपल्याकडे प्रतिसरकार उभं राहिलेलं, आणि मुंबईच्या कॅथलिकांचा पुढचा धर्माध्यक्ष लिस्बनच्या होकाराने यायचा होता.

ग्रेशियस या सगळ्या काळात खालच्या पायरीवरून काम करत होते. चिटणिशी, नियतकालिकाचं संपादन, प्रवचनं. त्यांचं वक्तृत्व गाजलेलं होतं. डिसेंबर १९४१ मध्ये कुलाब्याच्या होली नेम चर्चची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि त्या जागी बसलेले ते पहिले भारतीय. १९४६ मध्ये ते मुंबईचे सहायक बिशप झाले.

सहायक बिशपला स्वतःचा धर्मप्रांत नसतो, पण बिशप म्हटला की कुठला तरी धर्मप्रांत हवाच. मग चर्च त्याला एखादा नामशेष झालेला प्राचीन धर्मप्रांत नावापुरता देतं. ग्रेशियस यांना मिळाला इजिप्तमधला थेनेसस. गाव उजाड, रयत नाही, सारा नाही, फक्त नाव. इनामाची सनद हातात आणि जमीन केव्हाच नदीत वाहून गेलेली, तसं.

आता रॉबर्ट्स यांच्याकडे येते. मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात भावतो तो हा माणूस. त्यांना स्पष्ट दिसत होतं की स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात मुंबईच्या चर्चचा प्रमुख परदेशी असणं योग्य नाही. पण त्यांनी सरळ राजीनामा दिला असता तर? तर करारानुसार पाळी पोर्तुगीजांची होती! म्हणजे जागा सोडली तरी पंचाईत, धरून ठेवली तरी पंचाईत. त्यांनी मधली वाट काढली. ग्रेशियस यांना सहायक करून घेतलं, २९ जून १९४६ रोजी स्वतःच्या हाताने त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली, सगळा कारभार त्यांच्या हवाली केला आणि स्वतः मुंबई सोडून गेले. पद कागदावर त्यांच्याकडेच राहिलं, म्हणून लिस्बनला नाव सुचवायला जागाच मिळाली नाही. कारभार मात्र चार वर्षं भारतीय माणूस पाहत होता.

जुलै १९५० मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि मुंबईवरचा तो जुना हक्क सुटला. रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला. ४ डिसेंबर १९५० रोजी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले, पहिले भारतीय. भारतीय प्रजासत्ताकाला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं.

पुढची पायरी फार लवकर आली. १२ जानेवारी १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी २४ नवे कार्डिनल केले आणि त्यांत ग्रेशियस होते. रोममधलं सांता मारिया इन व्हिया लाता हे चर्च त्यांच्या नावे लागलं. कार्डिनल होण्यासाठी परीक्षा नाही, निवडणूक नाही, वयाने ज्येष्ठ असण्याचीही अट नाही. पोप नावं जाहीर करतात, बस. पण त्या नावांवरून पोपची नजर कुठे आहे ते कळतं. तोवर हे कार्डिनल मंडळ बहुतेक युरोपचं, त्यातही इटलीचं होतं. एका आशियाई देशातल्या, जिथे ख्रिस्ती माणसं शंभरात दोन-तीन, तिथल्या आर्चबिशपला त्या मंडळात बसवणं ही साधी नेमणूक नव्हती.

लाल रंगाचा अर्थ सांगायचा राहिला. श्रद्धेसाठी रक्त सांडायची वेळ आली तरी मागे हटणार नाही, अशी ती खूण. त्या काळी कार्डिनलला रुंद कडांची, गोंडे लावलेली लाल टोपी मिळत असे. पोप ती समारंभात डोक्यावर धरत आणि त्यानंतर ती सहसा पुन्हा घातली जात नसे. १९६९ मध्ये ही प्रथा बंद झाली, आता छोटी चौकोनी लाल टोपी देतात. ग्रेशियस यांची ती मोठी टोपी मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये जपून ठेवली आहे.

टोपीपेक्षा मोलाचं होतं ते मत. ऑक्टोबर १९५८ मध्ये बारावे पायस वारले आणि ५१ कार्डिनल सिस्टाइन चॅपेलमध्ये आत गेले. बाहेरची दारं बंद. पोप निवडणाऱ्या या सभेला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी 'किल्लीसकट'. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, घडी घालायची, वेदीपाशी जाऊन सर्वांसमक्ष शपथ घेऊन ती पात्रात टाकायची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन तृतीयांशांपेक्षा एक मत जास्त मिळेपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या. निकाल लागला नाही तर चिठ्ठ्या जाळून काळा धूर, लागला तर पांढरा. त्या वर्षी पहिल्याच दिवशी धूर आधी पांढरा दिसला आणि चौकातली गर्दी आनंदाने ओरडली, मग तो काळा झाला. निकाल दोन दिवसांनी, २८ ऑक्टोबरला लागला. निवडून आले आंजेलो रोंकाल्ली, म्हणजे पोप तेविसावे जॉन. रोंकाल्ली आणि ग्रेशियस हे १९५३ च्या एकाच यादीतले. पोप निवडणुकीत भारतीय माणसाचं मत पडलं ते त्या खोलीत, पहिल्यांदा.

२०२५ मध्ये चिठ्ठी टाकणारे १३३ होते, त्यांत चार भारतीय. १९५८ च्या त्या एका मतापासून इथवर.

या तेविसाव्या जॉन यांनीच दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. १९६२ ते १९६५ अशी ती चालली, जगभरातले दोन हजारांहून अधिक बिशप तिथे जमले, आणि ग्रेशियस त्यांत होते. परिषदेचे ठराव पुष्कळ, पण आपल्या भागातल्या साध्या माणसाला जाणवलेला बदल एकच: मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आपल्या भाषेत झाली. आमच्या शेजारी नगरकडच्या एक कॅथलिक काकी राहतात. त्या लहान होत्या तेव्हाची मिस्सा लॅटिनमध्ये होई, फादर वेदीकडे तोंड करून, लोकांना पाठमोरे. काकी सांगतात, "आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. आम्ही आपली जपमाळ ओढत बसायचो. आणि मग एका रविवारी फादर आमच्याकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले. माझी आजी रडलीच." ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली तेव्हा ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल, ते काकींच्या आजीने त्या रविवारी अनुभवलं असावं असं मला मनापासून वाटतं.

परिषद चालू असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये, मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली आणि यजमान होते ग्रेशियस. पोप सहावे पॉल स्वतः आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र. पण मला महत्त्वाचं वाटतं ते ३ डिसेंबरचं भाषण. निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, 'असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मा अमृतं गमय'. आपल्याकडे शाळेच्या परिपाठात म्हटली जाते तीच. ही प्रार्थना जगाला देऊन शतकानुशतकं लोटली, असं कौतुकाने सांगून रोमचा धर्माध्यक्ष ती मुंबईत म्हणतो, हे ज्या चर्चमध्ये घडलं त्याचा प्रमुख तोवर इथल्या मातीचा झालेला होता. दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, भारत सरकारने ग्रेशियस यांना पद्मविभूषण दिलं.

ऑगस्ट १९७८ मध्ये सहावे पॉल वारले. ग्रेशियस यांना तेव्हा मतदानाचा हक्क होता. ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलने मत द्यायचं नाही हा नियम सहाव्या पॉल यांनीच १९७० मध्ये केला होता, आणि ग्रेशियस ७७ वर्षांचे होते. पण कर्करोगाने गाठलं होतं. रोमला जाता आलं नाही. पहिले जॉन पॉल त्यांच्या मताविना निवडले गेले. ११ सप्टेंबर १९७८ रोजी मुंबईत ग्रेशियस वारले.

गादी एक दिवसही रिकामी राहिली नाही. आदल्याच वर्षी सायमन पिमेंटा यांना वारसाहक्कासह जोड-आर्चबिशप नेमलेलं होतं. आधीच्याने डोळे मिटले की त्या क्षणी दुसरा गादीवर, वेगळी नेमणूक नाही. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर झाल्याने राज्य गमावलेल्या साताऱ्याला ही सोय किती शहाणपणाची आहे ते समजावून सांगायला नको. पिमेंटा मरोळचे, ईस्ट इंडियन समाजातले. पुढे १९८८ मध्ये तेही कार्डिनल झाले.

हे सगळं मी वाचनालयात गुरुजींना दोन-तीन सकाळी मिळून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, मध्येच चष्मा पुसत होते. मला वाटलं आता कॉन्क्लेव्हबद्दल काही विचारतील. त्यांनी विचारलं, "आणि तो रॉबर्ट्स? त्याचं पुढे काय झालं?"

रॉबर्ट्स यांना पुन्हा कुठलाही धर्मप्रांत मिळाला नाही. ते इंग्लंडमध्ये राहिले. व्हॅटिकन परिषदेला गेले, अण्वस्त्रांविरुद्ध आणि युद्धात शस्त्र उचलायला सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्यांच्या बाजूने झगडत राहिले, १९७६ मध्ये वारले. परिषदेत कार्डिनलांच्या जागा पुढे असत आणि आर्चबिशप-बिशपांच्या मागे. म्हणजे सेंट पीटर्समध्ये ग्रेशियस लाल वस्त्रांत पुढे बसलेले, आणि त्यांना बिशप करणारे रॉबर्ट्स मागच्या रांगांत कुठेतरी.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्याचं नाव एकदा नीट लिहून दे मला."